साठाव्या दिवसाची सही

मंजुळाताई संतापल्या की त्यांचा आवाज खाली येत असे. कळव्याच्या एका लहान खाजगी प्रसूतिगृहात अठ्ठावीस वर्षे परिचारिका म्हणून त्यांनी सेवा केली. तेथील डॉक्टर हरिहर त्या मंद स्वराला मनातून भीत.

गेल्या ऑगस्टमधल्या एका मंगळवारी टिटवाळ्याची दीप्ती तिसऱ्यांदा तेथे आली. वय एकतीस, पदरी चार वर्षांची मुलगी, पती राकेश मालवाहू जहाजावर. दुसरे मूल तिला नको होते आणि हा निर्णय तिने पूर्ण विचारांती घेतला होता. सोनोग्राफीनुसार गर्भाचा तो साठावा दिवस. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची, म्हणजे त्रेसष्ट दिवसांची. जहाज बंदराला लागायला अजून दहा दिवस होते.

प्रसूतिगृहाच्या संमतिपत्रावर मात्र एक ओळ होती: ‘पतीची स्वाक्षरी’. त्या ओळीपायीच तिला आधी दोनदा परत पाठवले होते. कायदा सज्ञान स्त्रीकडे केवळ तिचीच संमती मागतो. कोणा सावध माणसाने ती ओळ स्वतःहून टंकली, पुढे तिच्या छायाप्रती निघत राहिल्या आणि अज्ञानाला नियमाची प्रतिष्ठा लाभली. स्त्रीचा स्वतःच्या देहावरचा अधिकार असा एका ओळीने हिरावला गेला, आणि हिरावणाऱ्यांना त्याची लाजही वाटली नाही!

“नवरा नाही ना इथे? मग सासऱ्यांना आण,” डॉक्टर म्हणाले. “घरातलं कुणीतरी मोठं हवं.”

“सासऱ्यांना?” दीप्ती उसळली. “डॉक्टर, मी बँकेत नोकरी करते. लोकांच्या कर्जाचे कागद माझ्या सहीने पुढे जातात. आणि माझ्या पोटातलं सासऱ्यांना विचारू?”

“अगं, चिडतेस काय? तुझ्याच भल्यासाठी. या गोळ्या म्हणजे खेळ नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई मरता मरता वाचली, विचार सिस्टरांना.”

मंजुळाताईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

त्या बाईला त्या विसरल्या नव्हत्या. सातव्या आठवड्यात ती याच दारी आली होती. ‘मिस्टरांची सही घेऊन या’ असे तिला सांगणाऱ्या स्वतः मंजुळाताईच होत्या. नवरा सही देईना. महिनाभराने तिने कोठल्याशा दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या. तेव्हा मुदत कधीच टळली होती. किती घ्यायच्या, रक्त किती गेले की धावायचे, हे सांगायला कोणी नव्हते. दीड दिवस ती न्हाणीघरात रक्तस्राव सोसत राहिली. चार बाटल्या रक्त चढवून ती वाचली, आणि दोष गोळ्यांच्या माथी आला.

“सर,” मंजुळाताई अगदी हळू म्हणाल्या, “त्या बाईला गोळीने नाही मारायला घेतलं. आपण घेतलं. मी आणि तुम्ही.”

“सिस्टर, पेशंटसमोर?”

“पेशंटसमोरच. वेळेत, तपासून दिल्या तर शंभरात पंच्याण्णवांहून जास्त बायका नुसत्या गोळ्यांनी मोकळ्या होतात. उरलेल्यांना पिशवी साफ करावी लागते, ते तर तुमच्या हातचं काम. हिचं हिमोग्लोबिन चांगलं, गर्भ पिशवीतच आहे. अडलंय कशावर?”

“उद्या नवरा दारात येऊन उभा राहिला तर?”

“माझ्याकडे पाठवा. वाट बघते.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर हिला घेऊन मी आत्ता सरकारी दवाखान्यात जाते. तिथे विचारलं, इथे का नाही झालं, तर हाच कागद दाखवते.”

डॉक्टरांनी पेन उचलले, ती ओळ खोडली आणि कागद दीप्तीपुढे सरकवला. तिने सही केली. पहिली गोळी तिने तेथेच, मंजुळाताईंसमोर घेतली.

“दोन दिवसांनी या उरलेल्या चार गोळ्या घ्यायच्या,” मंजुळाताई म्हणाल्या. “पोटात कळा येतील, रक्त जाईल, ते व्हायचंच. पण तासाला दोन पॅड भिजले आणि तसंच सलग दोन तास चाललं, किंवा ताप राहिला, तर फोन कर. लाजलीस तर बघ!”

गुरुवारी दुपारी फोन आला. “ताई, खूप दुखतंय. गाठी पडतायत. तासाला एक पॅड.”

“चालेल. दुखण्याची गोळी घे, गरम पाण्याची पिशवी धर. तासाभराने परत सांग.”

संध्याकाळपर्यंत वेदना ओसरल्या. पंधराव्या दिवशी दीप्ती सोनोग्राफीला आली. गर्भाशय स्वच्छ होते. डॉक्टर प्रसन्न मुद्रेने म्हणाले, “बघ, किती सोपं असतं!”

मंजुळाताईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. दीप्तीने मात्र बाहेर येताच ताईंपुढे हात जोडले.

“हात नको जोडूस,” त्यांचा स्वर पुन्हा खाली आला होता. “तुझंच होतं ते. ते मागायला तुला तीन खेपा घालाव्या लागल्या. माझ्यावर चिडायला हवंस तू.”

“चिडलेच होते,” दीप्ती म्हणाली. “पहिल्या दोन खेपांना तुम्हीही गप्पच होतात.”

मंजुळाताईंनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी कोऱ्या संमतिपत्रांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या कागदावरची ती ओळ खोडली.