तेरवीचं दळण

मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दम्यानं धरलं तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं, आता पिठात पाय ठेवायचा नाही. वीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेल्या माणसाला हे सांगणं सोपं होतं. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. सेलू आल्यावर म्हणाले, "इकून टाकू गिरणी."

"मी चालवते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाला उपरणं बांधलं आणि दाराबाहेर उभं राहून मला एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. मोटर कधी चालू करायची, पट्टा ढिला झाल्याचं आवाजावरून कसं ओळखायचं, पीठ चिमटीत धरून किती गरम झालंय ते कसं बघायचं. गाव वालूरजवळचं, शेतकऱ्यांचं. बायका डबे घेऊन यायच्या, मला बघायच्या आणि विचारायच्या, "मालक न्हाईत का?" काहींनी तर सुरुवातीला डबा परत नेला. वालूरच्या रस्त्याला वस्तीवर दुसरी गिरणी होती, इंजिनावर चालणारी. लाईट असो-नसो, तिथं दळण व्हायचं. गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं म्हणून आमचं आणि त्या गिरणीवाल्याचं बोलणं कधीच बंद झालं होतं.

सगळ्यात अवघड काम दगडांना टाकी लावायचं. दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग छिन्नी-हातोड्यानं त्यांना पुन्हा खरबरीत करावं लागतं. हे करायला सेलूहून एक म्हातारा कारागीर यायचा. त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं छिन्नी माझ्या हातात दिली. मी शिकले. टाकी लावली की पहिल्यांदा दोन-तीन पायल्या जनावरांचा भरडा काढायचा, म्हणजे दगडाची कच निघून जाते, मगच माणसांचं धान्य. हे त्यानं मला दहा वेळा सांगितलं होतं.

मग एकदा गावात एक चाळिशीचा माणूस अचानक छातीत कळ येऊन गेला. घरात म्हातारी आई, बायको, दोन लेकरं. तेरवीसाठी त्याच्या भावानं दीड पोतं गहू आणून टाकला. म्हणाला, "वैनी, उद्या सकाळी पीठ पायजे." मी त्याच दिवशी टाकी लावलेली, भरडा काढायचा राहिलेला. सकाळी लाईट आली ती आठपर्यंतच राहणार होती. मी भरडा घातला, पण अर्धी पायलीच. घड्याळाकडे बघितलं आणि गहू ओतला.

नऊ वाजता त्या भावाची बायको धावत आली. तिच्या हाताला अजून कणीक लागलेली होती.

"वैनी, पोळी दाताखाली कचकच करायलीय."

मी तिच्यासोबत गेले. मांडवात बायका परातीभोवती हात थांबवून बसलेल्या. भाऊ माझ्यावर ओरडला, "मेलेल्या माणसाच्या जेवणात माती कालवली तुमी!" म्हाताऱ्या आईनं पोळीचा तुकडा तोंडात घातला, हळूहळू चावला आणि पदरात थुंकला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कच हाय. दुसरं पीठ कर."

एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना.

घरी आले. आमच्या वर्षाच्या गव्हाची कोठी उघडली. मालक आत आले, न विचारताच पोती धरून उभे राहिले. पोती भरली. आता लाईट गेलेली, ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत होतो आणि दोघांच्याही मनात एकच जागा होती. शेवटी मालकच म्हणाले, "वस्तीवर ने."

शेजाऱ्याच्या बैलगाडीत पोती टाकून मी वस्तीवर गेले. गिरणीसमोर सात-आठ डबे रांगेत. गिरणीवाल्यानं मला बघितलं आणि इंजिनाचा आवाज कमी केला. मी सगळं सांगितलं. खोटं सांगण्यासारखं काही नव्हतं.

तो रांगेतल्या बायकांना म्हणाला, "तेरवीचं हाय. थांबावं लागंल." एकीनं आपला डबा बाजूला सरकवला, मग बाकीच्यांनीही. तो गहू ओतत होता, मी खाली पीठ भरत होते. मध्येच इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "माझ्या हातनं एकदा बारशाचं नासलं व्हतं. कुणाला सांगितलं न्हाई मी."

पोळ्या व्हायला दुपार टळली. मी त्या बायकांच्यात बसून लाटत राहिले. पंगती उशिरा उठल्या, पण कुणी उपाशी गेलं नाही. शेवटच्या पंगतीत म्हातारीनं मला बोलावलं. "तू बी बस." मी बसले. पोळी मऊ होती, तरी प्रत्येक घास मी जपून चावत होते. तिनं माझ्या ताटात वरण वाढलं आणि लेकाबद्दल बोलायला लागली, त्याला गरम पोळी लय आवडायची म्हणून.

त्या घरचं दळण त्यानंतर माझ्याकडे आलं नाही. आणखी पाच-सहा घरं गेली. कुणाला बोल लावावा? काही घरं दोन वर्षांनी परत आली, काही नाही. मालक आता समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर बसतात आणि कुणाचा डबा आधी आला ते तिथूनच सांगतात.

मी आणि वस्तीवरचा गिरणीवाला आता बोलतो. आमचं असं ठरलंय की एकानं टाकी लावली की त्या दिवशी त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. टाकी लावल्यावर मी तीन पायल्या भरडा काढते, गिरणी बंद करते, आणि कुणी डबा घेऊन आलंच तर वस्तीचा रस्ता दाखवते.