कुत्रा गेला, ट्रॅक्टर राहिले

आमच्या गल्लीतल्या थोरल्या अप्पांनी मला फसवलं. मी माझा कुत्रा गल्लीबाहेर काढायचा आणि त्यांनी उसाचे ट्रॅक्टर गल्लीतून नेणं बंद करायचं, असा सौदा होता. कुत्रा गेला. ट्रॅक्टर चालू आहेत आणि माझी नात पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडली आहे.

मी धंद्यानं हेडी. बैलांच्या खरेदी-विक्रीवर भालकीत घर उभं केलं. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. बाजारांना फिरताना घराला राखण हवी म्हणून बीदरहून रॉटविलरचं पिल्लू आणलं. ते वासराएवढं झालं. एकदा दूधवालीवर धावून गेलं, साखळीनं अडलं म्हणून बरं. त्याच दिवशी मी फाटकाला दुसरी कडी बसवली. धोका नव्हता असं मी कधीच म्हटलं नाही. ट्रॅक्टरांपुढं तो किती, एवढंच विचारत होतो.

मठासमोरच्या कट्ट्यावर गल्ली जमली. कुठल्याशा शहरात अशाच कुत्र्यानं पोराला फाडल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती.

"ती जातच वाईट हाय," अप्पा म्हणाले.

"जात बघू नये म्हणून रोज मठात शरणांची वचनं म्हणताव. मग कुत्र्याला कामून येगळा न्याय?"

"वचनं माणसासाठी हायत. तुझा कुत्रा येतो का पूजेला?"

लोक हसले. माझं डोकं फिरलं.

"तुमचे ट्रॅक्टर येतेत की, पूजेच्याच येळंला. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस भिंतीला घासायलाय, मागं दिवा न्हाई. माझं जनावर साखळीला हाय. तुमचं कशाला बांधलंय?"

"ट्रॅक्टर चावत न्हाई, अण्णा," कुणीतरी मागून बोललं.

"व्हय, चावत न्हाई. सरळ गिळतंय."

तेव्हा शेजारची अक्का म्हणाली, "ट्रॅक्टर आला की माझी पोरगी बाजूला व्हती. तुमचा कुत्रा भुकला की जागच्या जागी मुतती. तिला काय हिशोब सांगू?"

त्या पोरीसाठी मी कुत्रा हलवायला तयार झालो, पण फुकट नाही.

आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं धरायची. पटलं की पंजा दाबायचा. मग शब्द फिरत नाही, आणि बाहेरच्या कुणाला काही कळतही नाही. मी अप्पांना बाजूला घेतलं, सवयीनं खांद्यावरचा रुमाल टाकला आणि हळूच अट सांगितली. अप्पांनी पंजा दाबला. माझ्याकडून त्यांनी बैल नेलेत, पंजा दाबण्याचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक आहे. जे चारचौघांत ओरडून सांगायचं, ते मी रुमालाखाली ठेवलं. असा गाढवपणा हेडीच करू जाणे.

दुसऱ्या दिवशी कुत्रा कमलनगरजवळ एका ओळखीच्याच्या मळ्यावर सोडला. थोडे दिवस ट्रॅक्टर बाहेरच्या रस्त्यानं गेले. साखर कारखान्याचं गाळप जोरात आलं तसे पुन्हा गल्लीत शिरले. नात दुकानातून येत होती. ट्रॅक्टर दिसताच ती भिंतीला चिकटून उभी राहिली. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं. वळणावर मागची ट्रॉली भिंतीकडं सरकली आणि तिचा पाय सापडला.

मी गेलो तेव्हा अप्पा ओसरीवर चहा पीत होते.

"डायवर नवा हाय," ते म्हणाले. "दवाखान्याचं मी बघतो."

"सौद्याचं काय?"

"कसला सौदा? तू हात धरलास, मी धरला. कुणी ऐकलंय काही?"

गल्लीतली माणसं बिस्किटांचे पुडे घेऊन नातीला बघून जातात. नशीब म्हणतात. कुणालाही न चावलेल्या कुत्र्यासाठी हीच माणसं कामं टाकून जमली होती. आता कुणाला सवड नाही, कारण निम्म्यांचा ऊस अप्पांच्याच ट्रॅक्टरनं जातो.

अप्पा, ते वळण किती अरुंद आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, हेही. नव्या ड्रायव्हरला गल्लीतून जा म्हणून तुम्हीच सांगितलंत. दवाखान्याचे पैसे मी मागितलेले नाहीत. तिच्या खाटेशी या आणि हा पाय कुणामुळं मोडला, ते तिला तुमच्या तोंडानं सांगा. कधी येताय?