दानम्माचा जुना कॉम्प्युटर

त्या दुष्काळाच्या साली उदगिरात दोनच गोष्टींची चौकशी चाले, टँकर कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. दोन्हींचे अर्ज टाइप व्हायचे ते मात्र एकाच ठिकाणी, तहसीलसमोरच्या पत्र्याच्या खोलीत, दानम्माकडे.

नवरा गेल्यावर ती टाइपरायटर शिकली आणि त्यावरच पोराला वाढवलं. पुढं कॉम्प्युटर आला, तरी त्यातल्या मराठी सॉफ्टवेअरवर अक्षरांच्या जागा तिनं टाइपरायटरच्याच ठेवल्या. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न बघता ती पान उतरवायची.

त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. चार ओळी झाल्या की पडदा काळा. जिल्हा मागणाऱ्यांचे पुढारी अण्णाराव म्हणाले, "दानम्मा, जिल्हा होईल तवा होईल, आधी आमचं निवेदन तर होऊ द्या!"

लातूरहून पोरगा आला, रेवणसिद्ध. "अव्वा, नवाच घेऊ. ह्यो म्हातारा झालाय."

"म्हातारी मी बी हाय. मला बी बदलतूस का?"

बोलली खरी, पण तिची खरी धास्ती वेगळीच होती. नव्या कॉम्प्युटरवर तिचं जुनं सॉफ्टवेअर चालणार नाही, असं दुकानदारानं स्पष्ट सांगितलं होतं. या वयात एकेक अक्षर तांदळातल्या खड्यासारखं वेचत बसायचं? तोवर गिऱ्हाईक थांबतंय कशाला? मग पोरगा म्हणणारच, अव्वा, आता घरी बस.

"एकदा उघडून तरी बघू," ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्या ग्यानोबानं झाकण काढलं आणि तो बघतच राहिला. आतल्या पंख्यावर करड्या राखेचा जाड थर बसला होता.

"अक्का, ही रस्त्याची धूळ न्हाई. आत काय जाळायलात?"

दानम्मानं पदर तोंडाला लावला. रोज सकाळी कपाळाला विभूती लावली की बोटाला उरलेली ती कॉम्प्युटरलाही लावायची, नेमकी पंख्याला हवा घेणाऱ्या जाळीवर. ज्यानं पोट भरलं त्याला उपाशी कसं ठेवायचं?

रेवणसिद्ध हसता हसता खालीच बसला. "अव्वा, दम कोंडून मारत होतीस की त्याला!"

ग्यानोबानं राख झाडली, पंखा पुसला, मेमरीची एक जादा पट्टी बसवली. "लई साल चालंल अजून. फक्त हात लांबूनच जोडा."

कॉम्प्युटर सुरू झाला. दानम्मानं डोळे मिटून एक ओळ टाइप केली, मग उघडून पाहिलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. एक पान झालं, दुसरं झालं, पंखा आपला गुणगुणतच होता. तिच्या खांद्यांवरचा भार कुणी उतरवून ठेवावा तसं झालं. रेवणसिद्धनं नव्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला, नको म्हणून सांगितलं आणि आईसाठी चहा आणायला निघाला.

दानम्मानं खुर्ची पुढं ओढली आणि बाहेर उन्हात उभ्या बाईला हाक मारली, "या वो आत. सांगा, कुणाच्या नावानं अर्ज काढू?"