श्वासाचं पत्रक

आमच्या घरात खेळण्यांआधी पत्रकं आली. वडील शाहूपुरीतल्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि नव्वदच्या दशकातल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या घड्या घालण्यात गेल्या. पटलं ते छापून वाटायचं, ही घरची रीत. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की वडील मला शेजारी बसवून श्वास बघायला लावायचे. तेवढं एकच त्यांनी कधी छापलं नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढे मी कळंब्याकडच्या एका शाळेत पहिलीला शिकवू लागले. मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं पोरांना श्वास बघायला बसवायचे. एक मुलगी नाकाखाली बोट धरून म्हणाली, "बाई, आत जाताना गार लागतंय, भाईर येताना गरम." मग सगळ्या वर्गाची बोटं नाकाखाली. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीची साखळी ऐकू यावी इतका वर्ग शांत व्हायचा.

कुणाचीच तक्रार नव्हती. मीच पत्रक काढलं. 'यात देव नाही, जप नाही, अंगारा नाही' असं ठळक छापलं. वर निळं चक्र, आमच्या घरच्या प्रत्येक पत्रकावर असायचं तसं. दप्तरांतून ते घरोघरी गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई दारात. "बाई, पोरगी निवांत झालती, झ्याक चाललं हुतं. ह्यो कागुद कशाला धाडला? सासरं चक्र बघून म्हणालं, आपल्या पोरीला तिथं बसवायचं न्हाय."

आठवडाभरात असे पाच-सहा पालक आले. मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं. "बाई, पोरं गप बसली आणि तुम्हीच ओरडला की. पत्रक चुकून गेलं असं लिहून द्या. शिस्तीचा तास म्हणून चालू ठेवू."

ते चुकून गेलं नव्हतं. मी लिहून दिलं नाही. तास बंद झाला. माझ्याशी कुणी भांडलं नाही. डबा खाताना माझ्या बाकावर दुसरं कुणी शिक्षक बसेना, इतकंच.

मग घरी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन बसू लागले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, तुझं नाक लई वाजतंय. कुणासंगं भांडालीस?" आणि खेळायला पळाली. चटईवर मी एकटी.

लिहून दिलं नाही याचा पश्चात्ताप मला आजही नाही. पण एकदा पाढे चालू असताना त्या मुलीनं नाकाखाली बोट धरलं आणि माझ्याकडे बघून हसली. तिच्या आजोबांचा निरोप मला माहीत होता.

"हात खाली घे," मी म्हणाले.

तिनं घेतला.