बेलार्मिनोने दिलेली साक्ष

आमच्या खोऱ्यात आई मेलेल्या कोकराला ग्वाचो म्हणतात. जोडीतला एक मोजा हरवला, तर उरलेलाही ग्वाचो. आणि बापाने नाव न दिलेलं पोरही ग्वाचोच, फक्त तेव्हा म्हणणारा ओठ मुडपतो. शाळेतल्या बाई सांगायच्या, शब्द उत्तरेच्या डोंगरातल्या जुन्या लोकांचा. त्यांच्यात ज्याला स्वतःची माणसं नाहीत तोच गरीब, मग घरात कितीही बटाटे असोत. मी दोनच इयत्ता शिकले, पण एवढं लक्षात राहिलं, कारण बेलार्मिनो मान्सिया माझ्याच वर्गात होता.

हजेरीला सगळ्यांची दोन आडनावं, एक बापाचं, एक आईचं. याचं आईचं तेवढं एक. ते वाचून बाई थांबल्या की पोरं ओरडायची, "ग्वाचो!"

पुढे मेंढ्या कातरण्यात त्याचा हात धरणारा कुणी उरला नाही. गावातल्या एदेल्मिराला त्याच्यापासून दिवस गेले, तेव्हा आता लग्न, असं आम्ही धरूनच चाललो. तर हा गेला दुकानदार हेरिबेर्तोकडे. तो विधुर, एदेल्मिरावर केव्हाचा जीव टाकून बसलेला. लग्न करायला आणि पोराला नाव द्यायला एका पायावर तयार झाला. एदेल्मिरा आठ दिवस बेलार्मिनोशी बोलली नाही. मग पोट दिसायला लागलं, तशी तिनेही मान डोलावली.

नोल्फा जन्मली. नोंदणीला दोन साक्षीदार हवे होते. एक मी. दुसरा कोण, तर हाच, केस पाण्याने चापून बसवून आलेला!

"अरे गाढवा," मी कचेरीच्या पायरीवरच त्याला धरलं, "बाप तू, आणि साक्ष त्याच्या बापपणाची?"

"हळू बोल, बाई. माझं अर्धं नाव लावून पोरीला अर्धी ग्वाचा करू? आणि मीच सही केली म्हणजे उद्या कुणाला शंका नको."

शहाणपणात त्याला कोण हरवणार!

नोल्फा नऊ वर्षांची असताना एकदा मी दुकानात होते. हा माते नावाच्या आमच्या कडू चहाची पत्ती घ्यायला आला. पोरीने नुकतीच फरशी पुसलेली.

"बाबा! तो ग्वाचो बघा, चिखलाचे पाय घेऊन आला परत!"

एदेल्मिराने हात उगारला. बेलार्मिनो मधे पडला. "मारू नको. तिला कुणी कधी तसं म्हटलेलं नाही. तिला काय कळणार?"

पत्ती न घेताच तो गेला. पुढे कितीतरी वर्षं मीच नेऊन द्यायचे. नोल्फा आता केवढी झाली, एवढंच विचारायचा. मी हाताने उंची दाखवायचे.