पोस्टमास्तरांची थोरली

प्रेमाची कादंबरी लिहायला या भूतलावर सर्वांत अपात्र माणूस कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी बेलाशक आमच्या शेजारच्या पोस्टमास्तरांकडे बोट दाखवीन. आणि अशी कादंबरी लिहायचा खरा अधिकार कुणाचा, असं विचारलं तरी माझं बोट तिथून हलणार नाही. बदलापूर तेव्हा खेडंच होतं. एका कौलारू घराच्या पडवीत पोस्ट, मागल्या दोन खोल्यांत पोस्टमास्तर आणि वहिनी, आणि भिंतीला भिंत लागून मी, शाळामास्तर. माझं अक्षर बरं असल्यामुळं त्यांच्या कादंबरीची स्वच्छ प्रत करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि चार वर्षं ते तिथंच लोंबत राहिलं.

सारा जन्म टपालात काढल्यामुळं त्यांना सगळं जग तोळ्यांत दिसे. लिहून झालेलं प्रकरण ते आधी पत्रांच्या काट्यावर ठेवीत. ‘विरह साडेतीन तोळे भरला, गुरुजी. जरा जड झाला,’ असं म्हणून त्यातली दोन पानं काढून घेत, आणि उरलेल्या प्रत्येक पानावर तारखेचा शिक्का मारीत. पक्का पत्ता दिल्याशिवाय ते कुठल्याही पात्राला घराबाहेर पडू देत नसत. नायक ‘दूर कुठंतरी निघून गेला’ असं मी एकदा पदरचं घातलं, तर तो नेमका कोणत्या पोस्टाच्या हद्दीत गेला, हे विचारून त्यांनी मला आठवडाभर हैराण केलं. नायक-नायिका अंबरनाथच्या शिवमंदिरामागं ओढ्याकाठी भेटतात, असं एक प्रकरण होतं. त्यासाठी एका रविवारी त्यांनी मला पुढं घालून अंबरनाथ स्टेशनापासून देवळापर्यंत चालवलं आणि स्वतः घड्याळ हातात धरून मागून आले. मी भरभर चाललो की म्हणत, ‘सावकाश. तिला कुणी बघेल याची भीती आहे, आणि पोचायची घाईही आहे. चालीत दोन्ही पाहिजे.’ चाळिशीतल्या शाळामास्तराला ही चाल काही साधली नाही. देवळातल्या पुजाऱ्यानं मला घेरी आली असं समजून तांब्याभर पाणी आणून दिलं.

नायिका मात्र मी आजवर कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. घरातला थोरला मुलगा म्हणून वाढलेली, रीतसर मुंज झालेली. आणि विसाव्या वर्षी आईबापांसमोर बसून, ‘मी मुलगी आहे, कळायला लागल्यापासून आहे,’ असं शांतपणे सांगणारी. तिचा प्रियकर म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्पातला एक निर्वासित सिंधी शिंपी. तिच्या पहिल्या पोलक्याचं माप घेताना त्यानं ‘बाँह कितनी लंबी रखूँ?’ एवढंच विचारलं, बाकी काही नाही. तेवढ्यावर ती त्याच्या प्रेमात पडते. सुरुवातीला मला हसू आलं. पण तेच पान दुसऱ्यांदा उतरवताना मला तिचं म्हणणं पटलं, आणि पुढं मी कधी हसलो नाही.

पोस्टमास्तरांची धाकटी मुलगी लग्न होऊन दूर विदर्भात गेली होती. थोरला मुलगा, ते इथं बदलून येण्याआधीच, पटकीनं गेला, एवढंच गावाला ठाऊक होतं. दर वर्षी त्याच्या तिथीला श्राद्धाचा ब्राह्मण म्हणून मी पानावर बसे. त्या दिवशी पोस्टमास्तरांचं वागणं फारच चमत्कारिक असे. कावळ्यासाठी घास ठेवला की लोक हात जोडून त्याची वाट बघतात, तो शिवेना तर गेलेल्याची कुठली इच्छा राहिली म्हणून कासावीस होतात. आमचे पोस्टमास्तर छत्री उघडून परसात उभे राहत आणि एकाही कावळ्याला पानाजवळ फिरकू देत नसत. वहिनी आत डोळे पुसत. मी वडे खाता खाता मनाशी म्हणे, पुत्रशोकानं भ्रमिष्ट झाला बिचारा.

शेवटून दुसरं प्रकरण उतरवताना माझा टाक थांबला. त्यात, धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून, थोरल्या चुलत्याच्या धाकानं, बाप आपल्या जिवंत लेकीचा दर्भाचा पुतळा करून जाळतो आणि पटकीची आवई उठवतो. मग दर तिथीला छत्री घेऊन उभा राहतो, कारण कावळा शिवला तर ती खरंच गेली असं होईल. चार वर्षं मी जित्या मुलीच्या श्राद्धाला जेवलो होतो. मला माझीच शरम वाटली.

शेवटचं प्रकरण काही केल्या पुरं होईना. लेक दारात येऊन उभी राहते, इथवर ते येत आणि अडत. ‘आई काय म्हणेल ते मला माहीत नाही,’ ते मला म्हणाले. ‘विचारायची छाती होत नाही, गुरुजी. पुतळा मी जाळला. तिनं नुसते डोळे मिटून घेतले होते.’ कॅम्पातून महिन्याला लेकीचं एक कार्ड येई, ते टपालाच्या थैलीतून स्वतः काढून ते कचेरीच्या पेटीत ठेवत आणि वहिनींना दाखवत नसत, हेही त्यांनी त्या दिवशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते अर्धवट प्रकरण मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवत होतो. वहिनी आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. चार वर्षं त्या प्रत्येक प्रकरण आतून ऐकत असणार, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. लेक दारात आली, इथं मी थांबलो, तशा त्या सूप हातात घेऊन बाहेर आल्या.

‘लिहा, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘आई म्हणाली, इतकी वाळलीस कशानं?’

पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे वळून वहिनी म्हणाल्या, ‘आणि आता मला तिचा पत्ता द्या. कादंबरीतला नको, खरा.’

त्या रविवारी आम्ही तिघं कॅम्पात गेलो. लष्कराच्या जुन्या बराकीत एक खोली, दारात शिवणयंत्र. शिंपी लगबगीनं उठला, आणि त्याच्यामागून एक उंच बाई पदर सावरत बाहेर आली. वहिनींना आपलं वाक्य काही म्हणता आलं नाही. त्या तिला नुसत्या चाचपत राहिल्या, आंधळ्या माणसानं चाचपावं तशा. पोस्टमास्तर बाहेर उभे राहून शिंप्याला बराकींचे नंबर कसे चुकीचे पडलेत ते समजावून देत होते, आणि रडत होते.

कादंबरी छापली गेली नाही. एका प्रकाशकानं, शेवटी नायिका मेली तर छापतो, असं कळवलं. पोस्टमास्तरांनी हस्तलिखित परत मागवलं. ‘एकदा मारली तेवढी पुरे,’ म्हणाले.

दोन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाले, ‘माझं झालं की माझे भाऊ येतील. थोरला जिवंत आहे म्हटल्यावर तिला धोतर नेसवतील आणि हातात मडकं देतील. तसं होऊ देऊ नका. मला अग्नी तुम्ही द्या. तिला बायकांत बसून रडू दे.’

भाऊ आले आणि त्यांनी तसाच हट्ट धरला. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या, आणि मडकं मी धरलं. निघताना मी मागं वळून पाहिलं. ती आयाबायांच्या घोळक्यात बसली होती, आणि जवळच्या कात्रपाकडची एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होती, ‘तू थोरली काय गो?’

तिनं ‘हो’ म्हणून मान हलवली. हे ऐकायला पोस्टमास्तर हवे होते, असं मला त्या वेळी फार वाटलं.