कॉम्प्रेसरची जागा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या जीपच्या बॉनेटमध्ये आग लागली, त्यात वायरिंग करणाऱ्या चाचांची काही चूक नव्हती. त्यांनी लावलेला फ्यूज मी माझ्या हाताने काढला होता. आणि त्यांनी मला समोर बसून विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आठवत नाही."

आम्ही पाच जण रविवारी आपापल्या जीपा घेऊन वैतरणेच्या बाजूला, इगतपुरीच्या मागच्या डोंगरात जायचो. चिखलात उतरताना टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड धरतो. परत डांबरीला लागताना हवा पुन्हा भरायची. त्या रानात हवा कोण भरून देणार, म्हणून प्रत्येकाच्या गाडीत बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर. माझ्याकडेच नव्हता. शेवटी घेतला, आणि तो बसवायचा कुठे या एका प्रश्नाने मला महिनाभर पछाडलं. जेवताना, सिग्नलला, कारखान्यात दुसऱ्याच्या बोलण्याला मान डोलावताना मी तो डबा मनातल्या मनात गाडीभर फिरवत होतो. बॉनेटखाली? मागच्या चाकाशेजारी? सीटखाली? एक जागा ठरली की दुसरी बरी वाटायची.

चाचांचं गॅरेज वडाळा नाक्याजवळ, पत्र्याचं. वय पासष्टीच्या पुढे. गाडीच्या वायरिंगमध्ये त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही. त्यांनी ओढलेली वायर इतकी नेटकी बसलेली असायची की कुठून कुठे गेलीय ते शोधावं लागायचं. मी त्यांना म्हणालो, "चाचा, बॉनेटखाली बसवा. बॅटरी तिथेच आहे, वायर हातभरसुद्धा लागणार नाही."

ते म्हणाले, "साहेब, भोक पाडायला दोन मिनिटं लागतात. बुजवायला कुणी येत नाही. आधी खोकं ठेवू."

ही त्यांची पद्धत होती. कॉम्प्रेसरच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, त्यात एक मेणबत्ती आणि घडी केलेला पेपर ठेवायचा आणि ठरवलेल्या जागी तारेने बांधायचं. आठ दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची, मग खोकं उघडायचं. मेणबत्ती उष्णता सांगते, पेपर पाणी सांगतो.

बॉनेटखालच्या खोक्यातली मेणबत्ती वितळून पुठ्ठ्याला चिकटलेली निघाली. मागच्या चाकाशेजारच्या खोक्यातला पेपर भिजून लगदा झाला होता. तिसरं खोकं शेजारच्या सीटखाली ठेवलं. मेणबत्ती सरळ, पेपर कोरडा. एवढंच की बायकोच्या टाचा त्याला लागायच्या. ती म्हणाली, "माझ्या पायाखाली काय पुरलंयत?"

चाचांनी तिथेच कॉम्प्रेसर बसवला. बॅटरीपासून जाड वायर चटईखालून आणली. बॅटरीपासून चार बोटांवर फ्यूज लावला आणि माझं बोट धरून त्यावर टेकवलं. "हा बघून ठेवा. वायर कुठे घासली तर हा जळेल, गाडी नाही जळणार." मी बघून ठेवला. आजही डोळ्यांसमोर आहे.

कॉम्प्रेसर दोन महिने व्यवस्थित चालला. पण आमच्यात एक खोड होती. चहाला थांबलं की सगळे बॉनेट उघडायचे आणि एकमेकांच्या गाडीत डोकावायचे. कुणाचा कॉम्प्रेसर कसा चकचकीत, कुणाची नळी कशी लाल. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार आमच्यात वयाने मोठे. त्यांनी माझ्या बॉनेटमध्ये पाहिलं आणि विचारलं, "तुझा कुठाय रे?"

"सीटखाली."

"सीटखाली? म्हणजे वहिनी काय अंडी उबवायला बसतात का त्याच्यावर?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते हसणं माझ्या कानातून गेलं नाही.

पुढच्याच शनिवारी दुपारी मी कॉम्प्रेसर सीटखालून सोडवला आणि बॉनेटखाली, इंजिनाच्या अंगाला बसवला. जिथली मेणबत्ती वितळली होती तिथेच, आणि ते मला माहीत होतं. जागा अपुरी पडत होती, फ्यूजची डबी कॉम्प्रेसरच्या पट्टीला अडत होती. मी ती काढली, वायर कापली आणि सरळ बॅटरीला जोडली. छोटी डबी मिळाली की लावू, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असं स्वतःला सांगितलं. सातपूरच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. असं काम दुसऱ्या कुणी माझ्यासमोर आणलं असतं, तर मी लाल शेरा मारून परत पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी चढावर धूर निघाला. वायर लोंबून सायलेन्सरच्या पाइपला टेकली होती. वरचं प्लास्टिक वितळलं, उघडी तार लालभडक झाली आणि आग लागली. माझ्या मागून येणारे सुभेदार धावत आले, तापलेलं बॉनेट नुसत्या हाताने उचललं आणि पान्याने बॅटरीची वायर सोडवली. त्यांचा उजवा तळवा भाजला. विझवल्यावर त्यांनी आत वाकून पाहिलं.

"अरे, फ्यूजच नाही! कुठल्या गाढवाने केलंय हे?"

मी म्हणालो, "कॉम्प्रेसर चाचांनी बसवलाय."

शब्दाला धरून पाहिलं तर ते खोटं नव्हतं. चाचांनी बसवलाच होता. एवढ्या एका वाक्यावर मी तेव्हापासून उभा आहे.

सुभेदारांनी माझ्याकडून नंबर घेऊन तिथूनच चाचांना फोन लावला. "चाचा, बिनफ्यूजची वायर ओढलीत? माझा हात भाजला, माणूस मेला असता इथे." कॉम्प्रेसर कुठे होता हे चाचांनी विचारलं नाही, सुभेदारांनी सांगितलं नाही. चाचांच्या मते तो सीटखालीच होता. सुभेदारांच्या मते त्या थट्टेनंतर चाचांनीच तो सीटखालून काढून बॉनेटखाली बसवला होता. दोघांचं बोलणं दोन मिनिटं समोरासमोर झालं असतं तर मी उघडा पडलो असतो. ते होऊ नये म्हणून मी सुभेदारांना म्हणालो, "जाऊ द्या आता. म्हातारा माणूस आहे." मला उदार समजले ते.

तिसऱ्या दिवशी चाचा स्कूटरवरून घरी आले. बायकोने चहा केला. त्यांनी कप हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"साहेब, फ्यूजशिवाय मी वायर ओढत नाही. आख्ख्या आयुष्यात ओढली नाही. पण हल्ली विसरायला होतं. मुलगी म्हणते, अब्बा, गॅस चालू ठेवून जाता. म्हणून तुम्हाला विचारायला आलो. तुम्ही तिथे उभे होतात. मी लावला होता ना?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी चहात बिस्किट बुडवलं.

"आठवत नाही, चाचा."

"एकदा गाडी बघू का?"

"ती इन्शुरन्सवाल्यांनी नेलीय."

गाडी आमच्या इमारतीच्या मागेच होती, ताडपत्रीखाली. नशीब, बायको तेवढ्यात आत गेली होती.

त्यांनी कप खाली ठेवला. "मग माझंच चुकलं असणार. माफ करा, साहेब. त्या सुभेदार साहेबांचा हात कसाय?" जाताना दारात त्यांनी चप्पल उलटी घातली, मग परत सरळ केली.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "बिचारे. वय झालं की असं होतं." मी उठून उगाचच पंखा बंद केला आणि पुन्हा लावला.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी हजार वेळा मांडलाय. सुभेदारांनी चार शिव्या हासडल्या असत्या. दोन रविवार माझी टिंगल झाली असती. तिसऱ्या रविवारी सगळे विसरले असते. मोठं काही कारण असतं तर माझ्या मनाला आधार तरी झाला असता. तेही नाही.

दोन पावसाळे गेले. वडाळा नाक्यावरून जायचं मी टाळतो, लांबच्या रस्त्याने कारखाना गाठतो. रविवारी जाणंही सुटलं. गाडी दुसरीकडे दुरुस्त करून घेतली, पण डोंगरात नेली नाही. परवा मात्र ठरवून वडाळा नाक्याकडे वळवली. आज बोलायचंच, असं रस्ताभर पुटपुटत गेलो.

गॅरेजच्या पत्र्यावर खडूने लिहिलं होतं : वायरिंगचं काम बंद. चाचा पंक्चर काढत होते. वणीकडून द्राक्षाच्या क्रेट घेऊन आलेला एक पिकअपवाला त्यांच्या मागे लागला होता. "चाचा, नुसता हेडलाइट हाय, बघा ना. लय लांब जायचंय."

"दुसरीकडे दाखव, बाबा. माझा हात आता भरवशाचा नाही."

"तुमचा? चेष्टा करता का राव?"

चाचा टायर पाण्यात फिरवत राहिले. मग मला पाहिलं, ओळखलं, हात पुसत उठले. मी तोंड उघडलं आणि शब्द आले ते हे, "हवा चेक करायची होती."

त्यांनी खाली बसून चारही टायरची हवा बघितली. शेवटच्या चाकाशी असताना, मान वर न करता विचारलं, "कॉम्प्रेसर बसवला का मग?"

"नाही अजून."

"घाई करू नका. आणि ज्याच्याकडून कराल, त्याला फ्यूज आधी लावायला सांगा. समोर उभं राहून बघा."

मी हो म्हणालो आणि निघून आलो.

चाचांना मी एक वाक्य देणं लागतो : फ्यूज तुम्ही लावला होता, तो मी काढला. ते मला त्यांच्या गॅरेजमध्ये, सुभेदारांना शेजारी उभं करून, मोठ्याने म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.